मालनची पॅसेंजर

बावन्न सालची गोष्ट. मुलुंडला आमच्या शेजारच्या मालनला तार आली, बाप शेवटच्या घटका मोजतोय. सासू म्हणाली, "आज अमावस्या, उद्या जा. आणि मेल नको, ती तुझ्या गावाला थांबत नाही. पॅसेंजर कशी दारात उतरवते."

उतरवते गं, पण ती गाडी एवढी रेंगाळली की कसाऱ्याला चढलेली गाभण शेळी मनमाडला पिल्लं घेऊन उतरली. डब्यातल्या बायांनी मालनला प्रेमाने भाकरी दिली. तिने ती पदराला बांधून ठेवली.

चाळीसगावला समोरच्या गाडीत तिचा भाऊ जयवंत दिसला. डोकं भादरलेलं, मांडीवर अस्थींचं मडकं.

"आक्का, कुठं चाललीस? आबा इथं आहेत, नाशिकला निघालेत."

मालन रूळ ओलांडून त्याच्या डब्यात चढली आणि मडकं मांडीवर घेतलं. ती गाडीही पॅसेंजरच होती. बापलेकीला भरपूर वेळ मिळाला.