वाकून बघायचं काम

आर्डिसनं पाय फाकवले, गुडघे वाकवले आणि ट्रकला ट्रेलर जोडायची अ‍ॅल्युमिनियमची ती हिच दुकानाच्या फरशीवरून उचलून थेट कमरेपर्यंत आणली.

"अगं ठेव खाली! कंबर धरेल," तिचा नवरा वर्लिन ओरडला.

"तुझी धरलीय तेवढी पुरे आहे एका घराला."

काउंटरमागे डार्लानं हसू दाबलं. वर्लिनच्या शाळासोबत्याची ही मुलगी. बाप गेल्यावर ट्रेलरच्या सामानाचं दुकान तीच चालवत होती आणि नॉर्थ डकोटाच्या या कोपऱ्यातल्या निम्म्या ट्रकांची पोटं तिला पाठ होती.

"ही अर्धीच आहे, काकू," ती म्हणाली. "दोन तुकड्यांत सुटते. आधी खालचा पाया ट्रकच्या हौद्यात बसवायचा, मग त्यावर हा जबडा. एकेक तुकडा चाळीस पौंडांचा."

वर्लिननं बुटाच्या टोकानं खालचा पाया ढोसला. तो सरकला, तसा त्याला रागच आला.

"माझं ट्रेलरमधलं घर आठ हजार पौंडांचं आहे. ते या पत्र्याच्या डब्यावर ओढू? आपल्याकडचा वारा सुटला की हा तरी जागेवर राहील का?"

"सोळा हजार ओढते. इथं छापलंय बघा."

"कागदाचं काय, कागद काहीही सोसतो."

आर्डिसनं जबडा खाली ठेवला आणि लगेच पुन्हा उचलला. अडुसष्टाव्या वर्षी असे चाळे करणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील ते म्हणोत, तिला आज स्वतःची खात्री करून घ्यायची होती. घरची जुनी हिच दोनशे पौंडांची, अस्सल लोखंडाची. ती काढायला-घालायला गोठ्यातली साखळी आणि वर्लिनचे खांदे लागायचे. फेब्रुवारीत त्याच्या कण्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं वीस पौंडांच्या वर काही उचलायचं नाही म्हणून दम दिला.

पण खरं दुखणं त्याच्या आधीचं होतं, सप्टेंबरातलं. ऑरेगनच्या किनाऱ्यावरून परत निघायच्या सकाळी वर्लिननं ट्रक मागं घेतला, ट्रेलरची खीळ जबड्यात घातली, ट्रेलरचे पाय वर उचलले आणि गाडी पुढं काढली. खीळ बसलीच नव्हती. अख्खं घर तोंडावर आपटलं ते ट्रकच्या हौद्यावर, आणि दोन्ही कडा दबून गेल्या. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, पण आजूबाजूच्या सगळ्या ट्रेलरांतून लोक कॉफीचे कप हातात घेऊन बाहेर आले होते.

"लोखंड म्हातारं झालं," वर्लिननं तेव्हा सांगितलं. मग तेच मुलाला, ब्रेंटला, सांगितलं. तेच चर्चमध्ये, तेच मेकॅनिकला. ट्रेलर धान्याच्या कोठाराआड जाऊन उभा राहिला. आता ब्रेंटनं गिऱ्हाईक आणलं होतं. माणूस शनिवारी बघायला येणार होता आणि आज गुरुवार होता. "घेऊन जाऊ दे," वर्लिन म्हणाला होता, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

आर्डिसचा जीव त्या ट्रेलरमध्ये होता. चाळीस वर्षं गाईंच्या धारांपायी ती एक रात्र घराबाहेर राहिली नव्हती. गाई विकल्या, ट्रेलर घेतला, आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याच्या छोट्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता, तिनं खिडकीतून पहिल्यांदा समुद्र पाहिला. तिला तो अजून पाहायचा होता. मन भरलंच नव्हतं.

"पण काका," डार्लानं विचारलं, "जुनीला झालं तरी काय? तसले जबडे नातवंडांना पुरतात. आणा की इकडे, बघते मी."

वर्लिन छताकडे बघू लागला.

"कॉफी घेणार?" डार्लानं विचारलं.

"नको, नको."

"अहो, तयार आहे."

"कशाला उगीच त्रास."

"घ्या हो थोडी."

"बरं, अर्धा कप."

ती आत गेली. या भागात असंच असतं. कॉफी असो की मदत, पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही, दुसऱ्याला तर नाहीच. तिसऱ्यांदा विचारलं तरच ते खरं विचारणं. आणि तिसऱ्यांदाही 'नाही'च म्हटलं, तर मग ते खरं 'नाही'. तो विषय कायमचा संपला.

"ट्रेलर मी चालवू का?" आर्डिसनं सप्टेंबरात विचारलं होतं. "नको." नाताळात विचारलं होतं. "नको गं, कशाला." तिसऱ्यांदा विचारायला ती धजावली नव्हती.

वर्लिननं टोपी काढली, आतली पट्टी बोटानं चाचपली आणि पुन्हा घातली.

"जबड्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मी बघितलंच नाही. खाली वाकून बघायचं असतं, दातात खीळ बसली की नाही. मग ट्रेलरचे ब्रेक दाबून ट्रक पुढं ओढून बघायचा. लोकांना मीच शिकवत आलो. त्या दिवशी कंबर इतकी ठणकत होती की वाकवेना. म्हटलं, बसली असेल."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"वाकायच्या आधी तू टोपी माझ्या हातात देतोस, पाच वर्षं झाली. त्या दिवशी दिली नाहीस."

वर्लिनचा हात टोपीकडे गेला.

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"तुला म्हणायचं होतं लोखंड म्हातारं झालं. मी म्हटलं, होऊ दे. आणि मी तरी कुठं वाकले? टोपी आली नाही हे मला तेव्हाच कळलं होतं, वर्लिन. मी पण गाडीत जाऊन बसले. चूक दोघांची आहे."

आत कपांचा आवाज झाला. आर्डिसनं फ्रॉकला हात पुसले.

"ट्रेलर मी चालवू का?"

वर्लिननं दाराबाहेर उभ्या ट्रककडे बघितलं. दबलेल्या कडा ठोकून सरळ केल्या होत्या, तरी उन्हात त्यांचे पोचे दिसत होते. डार्ला कॉफी घेऊन आली, दोघांची तोंडं बघून कप ठेवून पुन्हा आत गेली. कॉफीवरची वाफ संपली.

"मागं घेताना तू आरशात बघत नाहीस," तो म्हणाला.

"शिकव मग."

त्यानं खिशातून किल्ल्या काढून काउंटरवर ठेवल्या आणि तिच्याकडे सरकवल्या.

दुपारी डार्लाच्या माणसांनी पाया बसवून दिला. कोठाराआड आल्यावर जबडा मात्र आर्डिसनं स्वतः चढवला. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून तिनं वर्लिनची टोपी मागून घेतली आणि ट्रक मागं घ्यायला सुरुवात केली.

"डावीकडे! अगं, तुझं डावं!"

"माझं एकच डावं आहे!"

चौथ्या खेपेला जबड्यात खट् झालं. वर्लिन सवयीनं हौद्याकडे निघाला.

"सरक," आर्डिस उतरत म्हणाली. तिनं टोपी काढली, त्याच्या हातात दिली आणि खाली वाकली. बराच वेळ वाकून राहिली. त्यानं टोपी छातीशी धरून ठेवली.

"बसलीय," ती म्हणाली.

मग तिनं गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक दाबले आणि ट्रक हळूच पुढं ओढला. ट्रक ताणला गेला. घर जागचं हललं नाही.

"पुन्हा," वर्लिन म्हणाला.

तिनं पुन्हा ओढलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा ओढल्यावर तो "बरं" म्हणाला, आणि शनिवारच्या गिऱ्हाईकाला नको सांग म्हणून ब्रेंटला फोन करायला घरात गेला. टोपी हातातच होती.