नऊचा एक

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांत माणसं, जिन्यावर माणसं आणि पुढे मंचावर आकडेबाबा. त्याच्या मागे भिंतभर पडदा आणि पडद्यावर माझ्या दादाच्या रक्तातले विषाणू मोजलेले दोन रिपोर्ट.

"पहिला वाचा!" बाबा गरजला.

"नऊ पॉइंट सहा!" हॉल ओरडला.

"आणि माझं पाणी प्यायल्यावर?"

"एक पॉइंट चार!"

"नऊचा एक झाला! रक्तातले विषाणू पळाले! आणि शेवटी हा इंग्रजी ई आणि त्याच्यापुढचा आकडा बघा. ई म्हणजे ईश्वर. आधी ईश्वर चार होता, आता सहा झालाय. रोग घटला, ईश्वर वाढला!"

टाळ्यांचा कडकडाट. मला आपली किळस आली की 'ई' सुचते, तेवढीच.

दादा मंचावर हात जोडून उभा. डोळे पिवळे, पाय सुजलेले, तोंडावर मात्र नवरदेवाचं हसू. बाबाच्या शब्दावर त्याने यकृताच्या गोळ्या कधीच बंद केल्या होत्या. दुसरा रिपोर्ट डॉक्टरला दाखवलाच नाही. कशाला दाखवेल? नऊचा एक झाला होता ना!

आणि तो डॉक्टर तरी? पहिला रिपोर्ट बघून "गोळ्या चुकवू नका" एवढं पुटपुटला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आकडा कसा वाचायचा ते सांगायला त्याच्या तोंडात काय बोळा होता? समजावणारा जिथून उठून जातो, तिथेच असले बाबा सतरंजी टाकतात.

शेजारी वहिनीची चुळबुळ चालली होती. ती शाळेत गणित शिकवते. म्हणूनच दादाने तिच्यापासून रिपोर्ट लपवले होते. "घरात शंका घेतली की गुण जातो," ही बाबाची ताकीद. ते आकडे ती आज पहिल्यांदा बघत होती. ती ताडकन उठली.

"अहो, खाली उतरा!" ती दादाला म्हणाली.

"बाई, शंका घेऊ नका," बाबा म्हणाला. "रोग परत येईल."

"परत यायला गेलाय कुठे? सगळ्यांनी फोन काढा. कॅल्क्युलेटर उघडा. नऊ लाख गुणिले नऊ लाख. उत्तराला परत नऊ लाखांनी गुणा. गुणत राहा."

लोकांच्या बोटांना काम मिळालं. नुसती टकटक.

"अगं बाई, माझ्यात ई आला!" एक आजी किंचाळल्या.

"माझ्यातपण!"

"काय हो बाबा, तुमचा ईश्वर आजींच्या फोनमध्ये कसा शिरला?" वहिनी म्हणाली. "आकडा मावेना, म्हणून फोनने तो आखडून लिहिला. ईच्या पुढे जो अंक असतो, तितकी घरं टिंब उजवीकडे सरकवायचं. नऊ पॉइंट सहा, चार घरं सरकवा."

"शहाण्णव हजार," मागून कुणीतरी म्हणालं.

"आता एक पॉइंट चार. सहा घरं."

हॉल बोटांवर घरं मोजू लागला. मग तोच मागचा आवाज, पण दबका: "चौदा लाख."

"यंत्राची चूक!" बाबा ओरडला.

"मघाशी त्याच यंत्रावर नाचत होतात ना? आणि ज्यांचा ईच्या आधीचा आकडा वाढला, त्यांचे रिपोर्ट पडद्यावर का नाहीत?"

"माझ्या बायकोचा दोनाचा आठ झाला," खिडकीतला एकजण उसळला, "तर हा म्हणाला, श्रद्धा कमी पडली!"

एवढीच सगळी जादू. सोयीचे रिपोर्ट निवडायचे, ईच्या आधीचा आकडा ओरडून वाचायचा आणि ईनंतरच्या खऱ्या आकड्याला ईश्वर म्हणायचं.

दादा बाबाकडे वळला. "बाबा, सहा म्हणजे... सहा घरं का हो?"

बाबा माइकची वायर गुंडाळत होता.

दादा आता हॉस्पिटलमध्ये आहे. गोळ्या पुन्हा चालू झाल्यात. यकृत किती उरलंय, ते अजून कुणी सांगत नाही. म्हणून मीच तुम्हाला सांगतो: आकडा कळला नाही तर विचारा. डॉक्टर वैतागला तरी विचारा. अर्धा आकडा वाचून कुणी आनंदाची बातमी देत असेल, तर उरलेला अर्धा त्याच्याकडून वाचून घ्या. आणि तोवर गोळी बंद करू नका.