पुसलेली फुली

घड्याळजी दर रविवारी सकाळी नवख्यांना आधी एकच गोष्ट सांगत, की बाबांनो, घाई करू नका. रिमोटवरच्या गाड्यांच्या शर्यतीचा नाद लागलेली ही चांगली बाप्यामाणसं, कुणी कारकून, कुणी गवंडी, आणि प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सुसाट जायचं असतं! बंद पडलेल्या गोदामाच्या अंगणात पाइप टाकून आखलेला ट्रॅक होता, तिथेच ही शाळा भरे. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. उलटं केलंत की गाडी बेफाम सुटते आणि कुणाची तरी नडगी फोडते. आपली शर्यत झाली म्हणून पळ काढायचा नाही, पुढच्या शर्यतीत दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायला उभं राहायचं. हे सगळं ते खड्या आवाजात सांगत. बॅटरीचा विषय आला, की मात्र गेले आठ महिने त्यांचा आवाज बसायचा.

बॅटरीचा नियम त्यांनीच घातलेला. जरा फुगली की ती पेटायची भीती, म्हणून काळ्या पेनाने तिच्यावर फुली मारायची आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची. फुली पडलेल्या बॅटरीला कुणी हात लावायचा नाही. पण एका बॅटरीत त्यांचाच जीव अडकला होता. तिच्यावर त्यांनी तीन शर्यती मारल्या होत्या. ती फुगली तेव्हा त्यांनी फुली मारली, पण बादलीत टाकायला हात होईना. मेली पडून राहिली ड्रॉवरमध्ये.

तेवढ्यात टेलर आला. चाळिशीतला, अगदीच नवखा, बॅटरी नसलेली जुनी गाडी घेऊन. घड्याळजींना वाटलं, हा काय, हळूहळूच चालवणार, त्याला सहज पुरेल. त्यांच्या घड्याळांच्या दुकानात काचा पुसायचं स्पिरिट होतं. बोळा घेतला, फुली पुसली, बॅटरी त्याच्या हातात दिली. वर शहाणपण सांगितलं, की चार्जिंगला लावली की जवळून हलायचं नाही. टेलरने दोन्ही हातांनी घेतली.

पंधरा दिवसांनी टेलर एका गिऱ्हाइकाला शिवलेला कोट द्यायला दारापर्यंत गेला. मागे खोलीत चार्जिंगला लावलेली बॅटरी पेटली, मग कापड, मग पडदा. पडद्यापलीकडे अंथरुणाला खिळलेले वडील होते. त्यांना ओढून काढताना टेलरची बोटं भाजून एकमेकांना चिकटली, आणि वडील वाचले नाहीतच. सगळे म्हणाले, घड्याळजींनी एवढं बजावून सांगितलं होतं, ऐकलं नाही. घड्याळजी भेटायला गेले, पाणी प्यायले, उठून आले. फुली पुसल्याचं मात्र सांगितलं नाही.

आणि आज टेलर ट्रॅकवर आला. टेलर नवख्यांसमोर उभा राहिला, वाकडी बोटं पुढे धरली आणि शांतपणे सांगू लागला, की चूक माझी होती, यांनी सांगितलं होतं आणि मी हललो, तुम्ही तसं करू नका. नवखे माना डोलवत होते. एक जण तर घड्याळजींकडे कौतुकाने बघत होता. ते कौतुक काही त्यांना सोसेना.

"बॅटरी फुगलेली होती," घड्याळजी म्हणाले. "तिच्यावर फुली होती. मी पुसून दिली याला."

घड्याळजींना वाटलं होतं, आता टेलर अंगावर येईल, शिव्या देईल. द्याव्यात, अशीच त्यांची इच्छा होती. आठ महिने ते त्या शिव्यांचीच वाट बघत होते.

टेलर खाली बघत होता. "मला दिसली होती ती फुली," तो म्हणाला. "उजेडात धरली की दिसायची. मी म्हटलं, घड्याळजींनी दिलीय, म्हणजे बघूनच दिली असणार."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"काय बोलू? दिसूनही लावली ना मी."

घड्याळजींना रडू आलं. लाज वाटली, तरी ते थांबवता आलं नाही. गवंड्याने त्यांना खुर्ची दिली. ते बसले.

थोड्या वेळाने कारकून उठला. पिशवीतून त्याने आपली बॅटरी काढली. दर रविवारी नवखे आपली बॅटरी आधी घड्याळजींना दाखवत, ते अंगठा फिरवून हो-नाही सांगत. कारकून दोन पावलं त्यांच्याकडे आला, थबकला, आणि खुर्चीला वळसा घालून टेलरकडे गेला.

टेलरने बॅटरी वाकड्या बोटांत कशीबशी धरली, उन्हाकडे केली आणि बराच वेळ सगळ्या बाजूंनी पाहिली.