ड्रेकॉटला डावीकडे

मी हॅसलबी ते ड्रेकॉटचा रस्ता बोलतोय. लांबी नऊ मैल. माझ्या अंगावरून आधी मेंढरं गेली, मग घोडागाड्या, मग दुधाच्या मोटारी. मी कुणालाही कधी चुकवलं नाही. चुकवलं ते माणसांनीच.

पाचव्या मैलावर मला फाटा फुटतो. डावीकडे ड्रेकॉट, उजवीकडे दलदल. तिथे पाटी होती. एकोणीसशे चाळीसमध्ये, महायुद्धात शत्रू विमानांतून उतरेल या धास्तीने, सरकारने पाट्या उपटायला आणि मैलाचे दगड पुरायला लावले. परक्याला वाट सांगायची नाही, अशी ताकीदही आली. माझ्या पट्ट्यात हे काम ईनॉक ट्रँटरने केलं. जन्मभर माझे खड्डे बुजवणारा हा म्हातारा. हुकूम म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ.

त्याच नोव्हेंबरात त्याच्या लेकीला, एल्सीला, ड्रेकॉटच्या घरी कळा लागल्या. नर्सला सकाळीच निरोप गेला होता. बायकांनी ईनॉकला घराबाहेर काढलं, म्हणून तो फाट्यावर येऊन तिची वाट बघत बसला. दाट धुकं होतं. त्यातून सायकल हातात धरून एक तरुण बाई आली.

"काका, ड्रेकॉट कुठल्या बाजूला?"

बोली इकडची नव्हती. "कोण गं तू?"

"नवी नर्स. बाई अडलीय, लवकर सांगा!"

शत्रू नर्सच्या वेशात उतरतो, ही आवई ईनॉकने परवाच गुत्त्यात ऐकली होती.

"तू नर्स, तर मी लाटसाहेब! आमची नर्स पिमबाई."

"अहो, त्या आजारी आहेत..."

"मला नाही ठाऊक म्हटलं ना! चालू लाग."

ती उजवीकडे वळली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. तिची चाकं माझ्या शेवटच्या खडीवरून उतरली आणि मग काहीच कळेना.

संध्याकाळपर्यंत एल्सी गेली, बाळही गेलं. तिसऱ्या दिवशी चिखलात सायकल सापडली. बाई सापडली नाही.

पुढे ईनॉक मरेपर्यंत, धुक्याचे दिवस सोडून, रोज फाट्यावर उभा राहायचा, न विचारता सांगायचा, "ड्रेकॉट डावीकडे हं, डावीकडे!" लोक हसायचे. आता तो नाही, तरी लख्ख उन्हात गाडीवाले काच खाली करतात आणि विचारतात, "कोण बोललं?"

आणि धुकं पडलं की सायकलची घंटा वाजते. चाकं माझ्यावरून जातात, पण त्यांना वजन नसतं. ती वाट विचारते. धुक्यात ईनॉक येत नाही, उन्हात ती येत नाही. ऐंशीहून जास्त वर्षं दोघांची चुकामूक मी बघतोय, आणि मला ते आता सोसवत नाही.

पुढच्या महिन्यात नवा रस्ता सुरू होईल, मला बंद करतील. मग तिला माणूस कुठून भेटणार? त्याआधी धुक्यात इकडून जाणार असाल, तर फाट्यावर थांबा. ओली बाई जवळ येईल. घाबरा हवं तर, पण तू कोण, एवढं मात्र विचारू नका. फक्त सांगा, "डावीकडे, बाई. लवकर जा."