सात दिवस खोका जपायचा

आमच्या घरात आलेली कुठलीही नवी वस्तू पहिले सात दिवस उमेदवार असते. सासरे पस्तीस वर्षं एका कारखान्याच्या भांडारात माल तपासून घ्यायचे. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. वस्तू घरात आली की त्यांच्या वहीत तिचं पान उघडतं. मधोमध रेघ, डावीकडे गुण, उजवीकडे दोष. तीन दोष टिकले की वस्तू परत. तोवर खोका जपायचा, कारण खोक्याशिवाय दुकानदार वस्तूला हात लावत नाही. एक मिक्सर, दोन पंखे आणि एक इस्त्री एवढी मंडळी आजवर आमच्याकडून नापास होऊन गेली आहेत.

या वेळी पान उघडलं ते माझ्यासाठी आणलेल्या कॉम्प्युटरचं.

मी एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची पानं लावते. म्हणजे मजकूर, चित्रं, नकाशे आपापल्या जागी बसवायचे. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक पान उघडेपर्यंत सगळी भांडी घासून व्हायची. म्हणून मी बारा वर्षं रोज दहा ते पाच छापखान्यात जात होते. त्या डबड्याचे माझ्यावर किती उपकार होते, हे ते भंगारात गेल्यावर कळलं.

"आता तुझी दगदग बंद," नवरा म्हणाला. "मालकांशी बोललोय मी. एक तारखेपासून सगळं काम घरूनच. फक्त हे मशीन पास झालं पाहिजे."

त्याचा चेहरा इतका फुलला होता की 'नको' म्हणायला माझी जीभ रेटेना. गेल्या हिवाळ्यात मी बसच्या पायरीवरून घसरले आणि गुडघा दुखावला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे घोळत होतं. माझ्याच गुडघ्याने माझा घात केला.

छापखान्यात काही सोनं पुरलेलं नाही. शाईचा वास, गळका नळ, आणि समोरच्या टेबलावर प्रुफं तपासणाऱ्या बाई. त्यांना आम्ही 'भिंग' म्हणतो, कारण साधी टिंबाची चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. पण त्या सात तासांत मला कुणी "अगं, जरा इकडे ये" म्हणत नाही. मला तेवढंच हवं होतं. ते गेलं तर मी या घरात गुदमरेन, हे मला लख्ख दिसत होतं.

मग ठरवलं, तीन दोष शोधायचेच.

मेला तो कॉम्प्युटर अगदी सज्जन निघाला. बटण दाबायचा अवकाश, हजर. भूगोलाचं आख्खं पुस्तक नकाशांसकट एका दमात उघडलं. स्क्रीन एवढा मोठा की समोरासमोरची दोन पानं पूर्ण दिसत होती. सासरे डावी बाजू भराभर भरत होते आणि उजवी कोरीच होती.

तिसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं. "बाबा, वायर आखूड आहे. ताणून लावावी लागते, येता-जाता पायात येते."

हे खोटं नव्हतं. सासऱ्यांनी उजवीकडे नोंद केली. संध्याकाळी नवऱ्याने बाहेरच्या खोलीतलं टेबल उचललं आणि मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, प्लगपाशी नेऊन ठेवलं. सासऱ्यांनी दोषावर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, 'निवारण'.

चौथ्या दिवशी मी दोष म्हणून कॉम्प्युटरचा माइक पकडला. "याचा कान फार तिखट आहे हो. मी याच्यावरून बोलते तेव्हा बाहेरचा टीव्ही मालकांना ऐकू जातो."

"एवढंच ना?" म्हणत नवऱ्याने खोलीचं दार ओढून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "चहा मी आत आणून देत जाईन. तू जागची उठूसुद्धा नकोस." निवारण.

त्यांच्या चांगुलपणाचा मला इतका संताप आला की मी बाथरूममध्ये जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

पाचव्या दिवशी सगळं भिंगबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी क्षणात विचारलं, "स्क्रीन चकचकीत आहे की मंद? चकचकीत असेल तर उन्हात रंग कळत नाहीत. आपल्या कामात याहून मोठा दोष नाही. तोच लावून धर."

स्क्रीन चकचकीत होता! मागच्या खोलीला एकुलती एक खिडकी, तिच्यातून बस थांबा दिसतो. दुपारी तिथून ऊन थेट स्क्रीनवर येतं आणि नकाशातला समुद्र कागदासारखा पांढरा होतो. सहाव्या दिवशी रविवार होता, मी सासऱ्यांना समोर बसवून ते दाखवलं. त्यांनी उजवीकडे नोंद केली.

"हा एकटाच तिघांच्या तोलाचा आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत टिकला तर मशीन परत."

सातव्या दिवशी मी छापखान्यात जवळजवळ नाचतच गेले. निघताना भिंगबाईंना म्हटलं, "उद्या भेटू." रोज निघताना म्हणते तेच, पण त्या दिवशी मुद्दाम मोठ्याने म्हटलं.

घरी आले तर सगळे मागच्या खोलीत माझी वाट बघत होते. नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. त्याच्या हातात हातोडी होती आणि खिडकी दिसत नव्हती. जाड पुठ्ठा चारी बाजूंनी खिळे ठोकून पक्का बसवला होता.

"बघ," तो म्हणाला. "ऊनच येणार नाही. रंग कसे स्वच्छ दिसतात!"

तो पुठ्ठा मी ओळखला. "खोका?" मी विचारलं.

सासरे दचकले. त्यांनी घड्याळ पाहिलं. "अरे, मुदत संपायला अजून दोन तास आहेत!" पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून अशी चूक झाली नव्हती. मग तेच हसायला लागले आणि सगळं घर हसलं.

"परत करायचंच कशाला?" नवरा म्हणाला. "दोष उरलाय कुठे?"

सासऱ्यांनी वही पुढे केली. उजवीकडच्या तिन्ही ओळींवर रेघा होत्या. "अजून काही असेल तर आत्ता सांग, बाळ."

एक होतं. मला बाहेर जायचंय. पण तो काही मशीनचा दोष नव्हता, आणि वहीत माझं पान नव्हतं. तिघंही इतक्या मायेने माझ्याकडे बघत होते.

"काही नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, 'ठेवून घेतले', आणि खाली सही केली. दार ओढून सगळे बाहेर गेले. मी खुर्चीत बसले. पुठ्ठ्याची छापील बाजू आतल्या अंगाला आली होती. काचेच्या पेल्याचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत, 'जपून ठेवा. हलवू नका.'

नवऱ्याने अगदी तसंच केलं होतं.