आपत्कालीन दारातली हवा

पूर्णा कृषी साहित्य सहकारी संघाचं कार्यालय नागपूरच्या महाल भागात, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. साहेबांसकट माणसं चौदा, पंखे सहा, कूलर एक. साहेबांच्या केबिनमध्ये एसी आहे, पण तोही साहेबांसारखाच. आहे म्हणतात, बाहेरच्यांना त्याचा उपयोग नाही.

कूलर लोखंडी, छातीएवढा उंच, आणि हॉलच्या मागच्या दारात बसवलेला. दारावर लाल पाटी होती, 'आपत्कालीन मार्ग', आणि दारापलीकडे खाली उतरणारा लोखंडी जिना. बांधणाऱ्यानं ते दार आगीसाठी ठेवलं असेल. पण आग एखाद्याच्याच नशिबी येते, नागपूरचा मे महिना सगळ्यांच्या. शिवाय दाराचं आणि कूलरचं माप असं जुळलं होतं की पत्रिका पाहून केलेली लग्नंही तशी जुळत नाहीत.

हवेची वाटणी साधी होती. पहिल्या टेबलाला गार वारा, वर पाण्याचे बारीक तुषार. दुसऱ्याला झुळूक. तिसऱ्याला आवाज. चौथ्यापासून पुढे फक्त कूलर चालू असल्याची बातमी.

पहिल्या टेबलावर यमुताई बसत. दुसऱ्यावर संघपाल गजभिये अकरा उन्हाळे झुळकीवर काढत होता. मार्चअखेर यमुताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या वेळी संघपालचे डोळे भरून आले, आणि ते कशानं भरले हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. एक एप्रिलला तो पहिल्या टेबलावर सरकला. त्याच्या मागच्या टेबलावर चारुलता पांढरीपांडे आल्या. त्यांची नोकरी संघपालपेक्षा एकोणीस दिवसांनी लहान. ते एकोणीस दिवस त्या अजून विसरल्या नव्हत्या.

संघपालनं ती हवा सत्तावीस दिवस खाल्ली. अठ्ठाविसाव्या दिवशी इमारतीच्या सगळ्या कार्यालयांना नोटीस आली. आग लागल्यास सर्वांनी तीन मिनिटांत बाहेर पडावं, आपत्कालीन मार्ग मोकळा असावा, दाराजवळ बसणाऱ्या कर्मचाऱ्यास अग्निप्रमुख नेमावं. पंधरा मे रोजी दुपारी तालीम होईल, तपासनीस स्वतः घड्याळ लावतील. नापास झाल्यास मार्गातला अडथळा कायमचा हलवला जाईल.

गिरिधर साहेबांनी संघपालला केबिनमध्ये बोलावलं. "गजभिये, अग्निप्रमुख तुम्ही."

"मले काहून, साहेब?"

"दाराजवळ कोण बसतं?"

"दाराजवळ तं कूलर बसते, साहेब. मी त्याच्या बाजूले."

"मग काढा तो कूलर."

संघपालनं पंधरा तारखेपर्यंत मुदत मागून घेतली. ज्याच्यासाठी माणूस अकरा वर्षं थांबला ते त्यानंच स्वतःच्या हातानं उचलून नेणं, एवढं अग्निप्रमुखपण त्याच्या अंगात नव्हतं.

पहिली तालीम त्यानं कूलर जागेवर ठेवूनच घेतली. शिपाई रुपरावजींनी स्टीलच्या ताटावर पळी बडवली. सगळे पुढच्या जिन्यानं, चपला शोधत, एकमेकांना "तुम्ही व्हा आधी" करत खाली गेले. चार मिनिटं वीस सेकंद. अंगणात पंचेचाळीस अंश ऊन. सहाव्या मिनिटाला सगळे परत वर.

"अहो, इमारतीले आग लागली हाये ना!" संघपाल जिन्यात आडवा आला.

"बाहेर बी लागलीच हाये ना भाऊ," रुपरावजी म्हणाले. "मंग आतलीच बरी. आतमदी कूलर तरी हाये."



दुसऱ्या तालमीत त्यानं कूलर आधी बाजूला करायचं ठरवलं. कूलर पाण्यानं भरलेला, म्हणजे चौघांनाही हलेना. रुपरावजींनी सात बादल्या पाणी उपसलं, दोन बादल्या जिन्यावरून खालच्या शिंप्याच्या कापडावर गेल्या, त्याच्याशी भांडण झालं, मग कूलर उचलला. तेवीस मिनिटं.

"आगीले आधी एक चिठ्ठी पाठवा," रुपरावजी घाम पुसत म्हणाले. "म्हणा, पानी काढून राहिलो, जरा दम धर."

पण त्या रात्री संघपालला सुचलं. भंगारातून एका मोडक्या स्ट्रेचरची चार चाकं आणली आणि कूलरखाली चाकांचा स्टँड बसवून घेतला. प्लग काढण्यात वेळ जाऊ नये म्हणून पंधरा फुटी वायर जोडली. आता ताट वाजलं की रुपरावजींनी कूलर बंद करून आत ओढायचा, माणसं बाहेर, तालीम संपली की कूलर पुन्हा दारात आणि हवा पुन्हा पहिल्या टेबलावर. सरावात कूलर नऊ सेकंदांत निघाला. संघपाल त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजून बसला.

चारुलताबाईंनी चहा घेतला आणि चाकांकडे बराच वेळ पाहिलं. "छान फिरतात हो," एवढंच म्हणाल्या.

पंधरा मे. शेहेचाळीस पूर्णांक दोन अंश. तपासनीस वैभवी मॅडम डोक्याला दुपट्टा गुंडाळून, गळ्यात घड्याळ अडकवून अंगणात उभ्या राहिल्या. ताट वाजलं. कूलर गडगडत आत आला. दार रिकामं होताच बाहेरची तापलेली लू अशी आत घुसली की भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरपर्यंत उलटलं. माणसं लोखंडी जिन्यावरून उतरली. कठड्याला हात लावण्याची सोय नव्हती, ज्यानं लावला तो इतरांपेक्षा चार पायऱ्या पुढे गेला. साहेबही आले, रुमाल डोक्यावर घेऊन.

"एक मिनिट वीस," वैभवी मॅडम म्हणाल्या. "वा! मोजा आता."

संघपालनं मोजले. तेरा. स्वतःला धरून पुन्हा मोजले तरी तेराच.

"चौदावं कोण?" मॅडमनी विचारलं.

संघपालनं वर पाहिलं. वरून कूलरची घरघर येत होती. बंद असायला हवा होता तो.

तो दोन मजले पळत चढला. हॉलमध्ये कूलर दुसऱ्या टेबलासमोर तोंड करून चालू होता. चारुलताबाई खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून, पदर वाऱ्यावर सोडून बसल्या होत्या.

"मॅडम! काय करून राहिल्या तुम्ही? चला ना खाली!"

"मी बेशुद्ध आहे," चारुलताबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"काय?"

"धुरानं. तुमच्याच नोटिशीत लिहिलंय, धुरानं माणूस बेशुद्ध होऊ शकतो. बेशुद्ध माणूस चालतो का कुठं?"

"एक मिनिट पंचावन्न!" खालून आवाज आला.

"मॅडम, हात जोडतो. फेल झालो तं कूलरच घेऊन जातीन हे लोक. मंग ना तुमाले हवा, ना मले."

"मला तशीही नाहीच आहे. एकोणीस दिवसांसाठी मी अकरा वर्षं नुसता आवाज ऐकला." त्यांनी एक डोळा उघडला. "सोम, मंगळ, बुध कूलर माझ्याकडे."

"आग लागली हाये, अन् तुम्ही वार सांगून राहिल्या!"

"शुद्धीवर येते की नाही ते तुमच्यावर आहे."

"दोन मिनिटं दहा!"

"सोमवार घ्या. एक दिवस."

त्यांनी डोळा पुन्हा मिटला.

"सोम अन् मंगळ!"

"धूर फार आहे हो," त्या पुटपुटल्या.

"दोन वीस! गजभिये, काय चाललंय वर?"

संघपालनं पहिल्या टेबलाकडे पाहिलं. लू येऊन त्याच्या फायलींची पानं उलटत होती. "घ्या, सोम, मंगळ, बुध. घ्या बाप्पा!"

"गुरुवार अर्धा."

"घ्या!"

चारुलताबाई शुद्धीवर आल्या. पदर खोचला, पर्स घेतली आणि अशा झपाट्यानं जिना उतरल्या की संघपाल मागे पडला. तरी खाली आल्यावर त्यांनी शेवटच्या पायरीवर त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोनदा खोकल्या.

"दोन मिनिटं छप्पन्न!" वैभवी मॅडमनी घड्याळ थांबवलं. "आणि जखमीला सोडवण्याचं प्रात्यक्षिकसुद्धा? हे आतापर्यंत एकाही कार्यालयानं केलं नव्हतं!" त्यांनी जागेवरच शेरा लिहिला, 'अग्निप्रमुख अत्यंत तत्पर. हेच कायम ठेवावेत.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सावलीकडे पळाले.

प्रमाणपत्र साहेबांच्या केबिनमध्ये लागलं. सोमवारी कूलर चारुलताबाईंकडे गेला, आणि जे एका माणसाला सुचलं होतं ते बाराजणांना दिसलं, की कूलरला चाकं आहेत. बुधवारी चौथ्या टेबलानं अर्ज दिला. गुरुवारी सातव्यानं. दारातून काढलेला कूलर आत नुसती दमट, चिकट हवा देतो हे नागपुरात जन्मलेल्या मुलालाही कळतं, पण आपल्या वाट्याची वाईट हवा दुसऱ्याच्या चांगल्या हवेपेक्षा गार लागते. साहेबांनी वैतागून वेळापत्रक लावलं. चारुलताबाईंचे साडेतीन दिवस तोंडी ठरलेले होते, ते आठवड्यातून दोन तासांवर आले. आग विझल्यावरचे करार कोण पाळतं!

अग्निप्रमुखानं इतरांसाठी त्याग करावा म्हणून संघपालला शेवटची पाळी मिळाली. महिन्यातला दुसरा शनिवार. त्या दिवशी संघाला सुट्टी असते.

कूलर आत फिरू लागला म्हणून दार मोकळं राहिलं. प्रमाणपत्राच्या अटीप्रमाणे ते सताड उघडं ठेवायचं होतं, आणि दाराजवळ बसायचं होतं अग्निप्रमुखानं. संघपालनं टेबल बदलून मागितलं, तेव्हा साहेबांनी त्याला वैभवी मॅडमचा शेरा वाचून दाखवला. 'हेच कायम ठेवावेत.'

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी यमुताईंचा फोन आला. संघपालनं ओल्या पंच्यात डोकं गुंडाळलं होतं. समोरच्या दारातून लू सरळ त्याच्या तोंडावर येत होती आणि टेबलावरचा कागद दाबायला दोन्ही कोपर लागत होते.

"काय म्हणते गा माझी जागा?" यमुताईंनी विचारलं. "हवा येते ना बरोबर?"

"येते ना, यमुताई," संघपाल म्हणाला. "आता मधात कोनीच नाई. सरळ येते."