इंजिनाचं नाक गटाराकडे

रविवारी सकाळी साडेदहा वाजता घड्याळजींनी इंजीन पहिल्यांदा फिरत्या पुलावर चढवलं आणि ते कोणी हात न लावता आपोआप फिरलं. टाळी कोणी वाजवली नाही. कारण थांबलं तेव्हा त्याचं नाक ना बोगद्याकडे होतं ना स्टेशनाकडे. ते परसातल्या गटाराकडे होतं आणि त्या बाजूला रूळच नव्हते.

घड्याळजींनी ते ढकलून स्टेशनाच्या रुळांसमोर आणलं. बोट काढलं. इंजीन आरामात वळलं आणि पुन्हा गटाराकडे तोंड करून उभं राहिलं. असं अकरा वेळा झालं. अकराव्या वेळी घड्याळजी इंजिनाला म्हणाले, "काय आहे तिथे तुझं?"

परसातली ही छोटी रेल्वे त्यांनी घड्याळांचं दुकान बंद केल्यावर अंथरली होती. बोगद्याच्या टोकाला रुळांना वळसा होता, तिथे गाडी आपली आपण वळायची. स्वयंपाकघराच्या दाराशी, स्टेशनाच्या टोकाला, मात्र वळशाला जागा नव्हती. तिथे साडेचार किलोचं इंजीन दोन्ही हातांनी उचलायचं, फिरवायचं आणि पुन्हा रुळांवर ठेवायचं. गेल्या महिन्यात ते हातातून सुटून पायरीवर आपटलं. पुढचा दिवा फुटला. घड्याळजी म्हणाले, हाताला तेल होतं. त्यांच्या बायकोने हाताकडे पाहिलं, तेलाबद्दल काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पुन्हा उचललेलं दिसलं तर ते काचेच्या कपाटात जाईल. किल्ली माझ्याकडे राहील."

म्हणून हा पूल. मधोमध खिळा, दोन्ही टोकांना चाकं, खाली गोल खड्डा. इंजीन वर चढवायचं, पूल अर्धा फिरवायचा, इंजीन उतरवायचं. उचलायचं काम नाही. पितळेचा पूल घड्याळजींनी सहा आठवडे खपून केला. खड्ड्याचं काम बायकोच्या धाकट्या भावाकडे दिलं. तो गवंडी. तीस वर्षं हातात थापी. गुरुवारी येऊन त्याने दोन तासांत कोबा घातला आणि चहा पिऊन गेला.

आता त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं. घड्याळजींनी खड्ड्यात स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा एका कडेला जाऊन बसला.

"हे काय आहे?"

"खड्डा," मेहुणा म्हणाला.

"सपाट सांगितला होता."

"सपाटच आहे की, भावोजी. पाण्याला थोडा ढाळ दिलाय. दोन सूत, म्हणजे पाव इंच."

"कोणी सांगितला होता?"

"सांगायला कशाला लागतं? उघड्यावरचा कोबा आहे. पाणी साचलं असतं, शेवाळ धरलं असतं, मग तुम्हीच बोंबलला असतात."

"अरे, हे न्हाणीघर नाही!"

"हो, पण गटार तिकडेच आहे ना?"

घड्याळजींनी कपाळाला हात लावला. या माणसाच्या हाताला ढाळ न देता जमीन करताच येत नव्हती. झोपेत केली असती तरी पाणी बरोबर गटारात गेलं असतं. रिकामा पूल कुठेही सोडला तरी तिथेच थांबायचा, म्हणून शुक्रवारी पूल बसवताना कळलं नाही. इंजिनाचं सगळं वजन मात्र नाकात होतं. वजन उताराकडे जाणारच.

मेहुणा उकिडवा बसून बघत राहिला. मग म्हणाला, "इंजीन चार बोटं मागे घ्या. तराजूसारखं मध्यावर तोललं की ढाळ असला काय, नसला काय."

बोलणं अगदी बरोबर होतं, आणि घड्याळजींना त्याचाच जास्त राग आला.

"मागे घ्यायला जागा नाही."

"का नाही?"

"इंजीन अडतीस सेंटिमीटर आहे."

"आणि पूल?"

"एकोणचाळीस."

मेहुण्याने त्यांच्याकडे वर पाहिलं. "भावोजी, खाटेएवढी खोली कोणी बांधतं का?"

"मोजून काम करतात त्याला हे म्हणतात."

"मोजलंत झकास. आता निस्तरा."

संध्याकाळपर्यंत दोघे निस्तरत होते. गोल रुळाखाली पत्र्याचे तुकडे सरकवले, तर पूल वर आला, मधला खिळा तिरपाच राहिला आणि सगळं जाम झालं. तुकडे काढले. मग पूल जागच्या जागी अडवायला घड्याळजींनी एक पितळी खुंटी केली. भोक खुंटीला असं नेमकं, की केसही मावू नये. खुंटी त्यांच्या बोटांतून चार वेळा पडली, भोकात काही गेली नाही.

"तेल लागलंय हाताला," ते म्हणाले.

विचारलं कोणीच नव्हतं.

पावणेसहाला मेहुण्याने कंटाळून एका बोटाने पूल धरला. "दाबा बटण." घड्याळजींनी चार पावलांवरच्या भिंतीवरचं गाडीचं बटण दाबलं. इंजीन सुतासारखं सरळ उतरलं, स्टेशनावर जाऊन थांबलं. दिवसभरात पहिल्यांदाच काहीतरी जमलं होतं. घड्याळजी म्हणाले, "म्हणजे दर वेळी तुला गावातून बोलवायचं?"

"नाहीतर कोबा फोडतो. मोठा खड्डा, लांब पूल. तुमचे सहा आठवडे, माझे दोन तास." तो छिन्नी-हातोडा आणायला गाडीकडे गेला.

तो गेल्यावर घड्याळजींनी एकट्याने पुन्हा इंजीन चढवलं. ते पुन्हा गटाराकडे वळलं. घड्याळजींनी आजूबाजूला पाहिलं, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात इंजिनाच्या पोटाखाली घातले.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"अहो."

त्यांनी हात काढले. "पुसत होतो."

बायको बाहेर आली. ओले हात पदराला पुसून खाली बसली, पूल ढकलून रुळांसमोर आणला आणि त्यावर बोट ठेवलं. "सोडा गाडी."

"तू रोज येऊन बसणार आहेस का इथे?"

"तुम्हाला जमत नसेल तर बसेन."

"मला जमतं. त्याने ढाळ दिलाय."

"ढाळ त्याने दिला. खुंटी चारदा कोणाच्या हातून पडली?"

घड्याळजी जाऊन बटणापाशी उभे राहिले. तेवढ्यात मेहुणा आला, खड्ड्याच्या कडेला छिन्नी टेकवून उभा राहिला. "ताई, सरक. फोडायचं ना, भावोजी?"

"थांब जरा," घड्याळजी म्हणाले.

"माझे गुडघे दुखतायत," बायको म्हणाली. "काय ते ठरवा."

सहा वाजून दहा मिनिटांनी तिचं बोट पुलावर होतं, छिन्नी कोब्यावर होती आणि घड्याळजींचा अंगठा बटणावर होता. बटण अजून दाबलेलं नव्हतं.